मागच्या दाराची नोंदवही

कंपनीत त्याला सगळे एकफेरे म्हणत. आडनाव नव्हे हो ते. घरोघरी चोराचा अलार्म बसवायचं त्याचं काम, आणि बाकीचे लोक ज्या कामाला दोन-दोन, तीन-तीन चकरा मारत, ते हा पठ्ठ्या एका फेरीत उरकून येई. शिडी लावली, भोकं पाडली, वायर ओढली, भोंगा वाजवून दाखवला, सही घेतली, संपलं. "परत जायचंच असेल तर पहिल्यांदा गेलो कशाला?" हे त्याचं पालुपद. अकरा वर्षं तेच ते ऐकून कुणीतरी हे नाव पाडलं, आणि ते असं चिकटलं की गिऱ्हाइकांना ते खरंखुरं आडनाव वाटे. त्यानंही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. मनातून आवडायचंच ना ते!

त्या बुधवारी दुपारी मात्र तो एकाच घरी पाचव्यांदा निघाला होता. कुणी हटकलं असतं तर त्यानं तावातावानं सांगितलं असतं, की पहिली फेरी बसवायची, ती धरा. मधल्या तीन तक्रारीच्या, त्यात आपली काही चूक नव्हती, त्या सोडा. आणि आजची तर सगळं काढून आणायची. म्हणजे झाली की नाही एकच फेरी?

घर सिस्टरांचं. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. छत्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स, त्यातली शेवटची बारा वर्षं एका मोठ्या वॉर्डाच्या मुख्य. आता पंचाहत्तरीला टेकलेल्या, नवरा गेल्यापासून एकट्या. मुलगा दोन तासांवरच्या शहरात नोकरीला. चार घरं सोडून एका घरात भरदुपारी चोरी झाली, घरातली बाई आत झोपलेली असताना मागच्या दारानं चोर आला आणि कपाट साफ करून गेला. झालं, मुलाच्या पायाखालची वाळू सरकली. त्यानं आठवड्याभरात आईच्या घरी अलार्म बसवून घेतला. पुढच्या-मागच्या दाराला एकेक चुंबक, वर भोंगा, स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी बटणांचा कीपॅड. दोन वाजता आडवं होण्याआधी सिस्टरांनी बटण दाबून तो चालू करायचा. मग कुठलंही दार उघडलं की भोंगा बोंबलणार आणि मुलाच्या मोबाइलवर निरोप जाणार.

पंधरा दिवसांत निरोप यायला लागले. 'मागचं दार उघडलं, ३.३८.' मिनिटाभरानं, 'मागचं दार बंद झालं.' आठवड्यातून चार-पाचदा. सिस्टर दचकून उठत, आकडे दाबून भोंगा गप्प करत, मागे जाऊन बघत. दार बंद, कडी जागच्या जागी, मागच्या अंगणात चिटपाखरू नाही.

तक्रार आली म्हणून एकफेरे गेला. तीनदा गेला आणि तिन्ही वेळा सकाळी, कारण तक्रारी थंड वेळेला उरकायच्या ही त्याची पद्धत. वीस-वीस वेळा दार उघडून लावून बघितलं, बॅटरी मोजली, वायर चाचपली. सगळं पक्कं! मग तिन्ही वेळा त्यानं कागदावर एकच वाक्य लिहिलं. 'उपकरण ठीक, दार प्रत्यक्षात उघडलं गेलं होतं.' खाली स्वतःची सही केली, सिस्टरांची घेतली आणि पुढच्या घरी गेला.

तो ते वाक्य विसरलासुद्धा. मुलगा विसरला नाही. कडी आतून, बाहेरून कुणी आलेलं नाही, मशीन ठीक, मग दार उघडलं कुणी? उरली कोण, आई. म्हणजे आई झोपेतून उठते, दार उघडते, पुन्हा लावते, आणि तिला त्यातलं काही आठवत नाही. पोरगा वाईट नव्हता हो, घाबरला होता. त्यानं डॉक्टरांची वेळ घेतली आणि ज्यांची आठवण दगा देते अशा माणसांना सांभाळणारी एक जागा शोधली. चांगली जागा, बाग वगैरे. आज पाच वाजता तो गाडी घेऊन आईला न्यायला येणार होता. घर बंद होणार, म्हणून अलार्म काढायचा. सकाळी सिस्टर सामान बांधणार होत्या, तेव्हा तीनला या, असा निरोप होता. म्हणून एकफेरे पहिल्यांदाच त्या घरी दुपारी आला.

पुढच्या खोलीत दोन बॅगा भिंतीला लावून ठेवल्या होत्या. दोन्हींवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या. एकीवर 'कपडे, औषधे', दुसरीवर 'चादरी ६, अभ्रे ६'.

"या एकफेरे. बरोबर तीनला आलात," सिस्टर म्हणाल्या. "वेळेचं माणूस भेटलं की बरं वाटतं."

"सगळं नेताय वाटतं, सिस्टर?"

"चादरी तेवढ्या माझ्या. दुसऱ्याच्या चादरीवर मला झोप लागत नाही. तिथल्या लोकांना सांगणार आहे, सोमवारी आणि गुरुवारी बदलायच्या म्हणून. वॉर्डात तोच नियम होता, घरी पण तोच ठेवला मी."

एकफेरे बाहेर जाऊन भोंग्याचे स्क्रू कुठवर गंजलेत ते बघून आला, मागच्या दारानं आत शिरला आणि कडी स्वतःच्या हातानं घातली. दार लोखंडी पत्र्याचं, कडी कमरेच्या उंचीला. कडीचा आवाज ऐकताच सिस्टरांचा हात आपोआप कीपॅडकडे गेला आणि अलार्म चालू झाला. मग त्याच म्हणाल्या, "अगं बाई, तुम्हाला तर काढायचाय ना? सवयच झालीय. दार लागलं की बटण."

"असू दे. चहा होईपर्यंत राहू दे चालू."

दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, दार समोरच. सिस्टरांनी चहा ओतला, बिस्किटं ठेवली, आणि कप हातात धरून बराच वेळ प्यायल्या नाहीत.

"एक विचारू का हो? तुमच्या मशीनमध्ये दार कुणी उघडलं ते बघता येतं?"

"नाही हो. उघडलं एवढंच कळतं."

"हं. मला वाटलं येत असेल." कप तसाच हातात. "छत्तीस वर्षांत माझ्या हातून एका पेशंटची गोळी चुकली नाही. आणि आता स्वतःच्या घरात मी काय करते ते मलाच माहीत नाही. माणसाचं काही खरं नाही बघा."

एकफेऱ्यानं बिस्कीट चहात बुडवलं, ते मोडून पडलं, ते चमच्यानं काढण्यात त्यानं वेळ घालवला.

आणि भोंगा वाजला.

कानठळ्या बसवणारा आवाज. सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या, चहा टेबलभर सांडला. चेहरा पांढराफटक. त्या दाराकडे बघत एकच वाक्य बोलल्या.

"मीच उघडलं असणार."

एकफेरे त्यांच्याकडे बघतच राहिला. ही बाई त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, कप धरून बसली होती. कडी त्यानं घातली होती, आणि ती जिथल्या तिथे होती. तरी बाई म्हणत होती, मीच उघडलं. अकरा वर्षांत इतके भोंगे ऐकले, पण एखादा वाजल्यावर त्याला घाम फुटावा असं आजवर झालं नव्हतं.

त्यानं भोंगा बंद केला. कीपॅडवरचा मागच्या दाराचा लाल दिवा लागत होता, विझत होता, परत लागत होता. तो स्टुलावर चढला आणि दाराला हात लावला तर चटकाच बसला. दाराचं तोंड पश्चिमेला. दुपारी दीडपासून ऊन थेट पत्र्यावर. कडीनं दार कमरेशी आवळून धरलेलं, पण पत्रा तापून वरचा कोपरा बाहेर वाकला होता, फार नाही, दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढा. आणि चुंबक नेमका त्या कोपऱ्यावर. त्यानं तळहातानं कोपरा आत दाबला. दिवा विझला. हात काढला, दिवा लागला.

आता इथे घोडं पेंड कुठे खातं ते सांगितलं पाहिजे. चौकटीवर एक तुकडा असतो, दारावर चुंबक असतो, दोघं जवळ असले की दार बंद, लांब गेले की उघडं. लाकडी दारावर बोटभर फट पडली तरी चालतं. पण दार लोखंडी असेल तर चुंबकाखाली प्लास्टिकची जाड पट्टी घालायची, नाहीतर लोखंड चुंबकाची अर्धी ओढ खाऊन टाकतं आणि जरा हललं की संपलं. हे एकफेऱ्याला माहीत नव्हतं? अहो, नव्या लोकांना हे तोच शिकवायचा!

अलार्म बसवला त्या दिवशी पिशवीतल्या पट्ट्या संपल्या होत्या. त्याला लख्ख आठवलं. पट्ट्या कंपनीच्या गोदामात, म्हणजे जाऊन परत यायचं, म्हणजे दुसरी फेरी. सकाळची वेळ, दार थंड, दिवा विझलेला. चालतंय की, असं म्हणून त्यानं चुंबक तसाच पत्र्यावर चिकटवला होता.

स्टुलावर उभ्या-उभ्याच त्याच्या मनात वाक्य तयार झालं. 'पार्ट खराब निघाला, बदलून दिला.' सोपं होतं. आजचा भोंगा मशीनवर गेला असता, सिस्टर सुटल्या असत्या आणि याच्याही नावाला धक्का नसता. सापही मेला असता आणि काठीही शाबूत. तो खाली उतरला आणि म्हणाला, "सिस्टर, तुम्ही नाही उघडलं. बसा तुम्ही. हे मशीननं केलं."

सिस्टर बसल्या. फडक्यानं टेबल पुसता पुसता म्हणाल्या, "आज मशीननं केलं असेल. तुम्ही समोर होतात म्हणून मान्य. पण आधीचं? तुम्हीच तर तीनदा लिहून दिलंत, मशीन ठीक आहे म्हणून."

त्याच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. पार्ट आज बिघडला म्हटलं तर आधीचे तीन महिने या बाईच्याच माथी राहत होते, आणि तेही त्याच्या सहीनिशी. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोर इथे स्टुलापाशी उभा होता.

"सिस्टर, रोज वाजायचा का हो?"

"रोज नाही. थांबा."

त्यांनी फ्रिजवरची एक लांबट वही आणली. वॉर्डात पेशंटचा ताप लिहितात तसे रकाने पट्टीनं आखलेले. तारीख, वार, दार लावल्याची वेळ, कडी घातल्याची खूण, भोंग्याची वेळ, आणि शेवटी शेरा. तीन महिन्यांत एकही दिवस कोरा नव्हता.

एकफेरे बोट ठेवून वाचू लागला. मंगळवार, वाजला. बुधवार, वाजला. गुरुवार, नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार, वाजला. सोमवार, नाही. पान उलटलं, तेच. मध्ये दोन-चार दिवस भोंगा वाजला नव्हता, तिथे शेरा होता, 'ढगाळ'.

"सोमवारी आणि गुरुवारी कधीच नाही?"

"ते मुलाच्या पण लक्षात आलं. तो म्हणाला, त्या दिवशी तू कामात असतेस, चादरी धुतेस, म्हणून डोकं जागेवर राहतं."

"त्या चादरी वाळत कुठे घालता?"

"मागेच की. दारासमोर तार आहे ना."

एकफेऱ्यानं दार उघडलं. दारापासून दोन पावलांवर तार, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिथे चादर लटकली की दारावर उन्हाची तिरीपसुद्धा येणार नाही. तो परत वहीकडे आला आणि मागची मागची पानं चाळत सुटला, आणि एका गुरुवारी थांबला. भोंगा, ३.४१. शेरा, 'नळाला पाणी नाही. चादरी धुतल्या नाहीत.'

एवढे सोमवार, एवढे गुरुवार, त्यांतला हा एकच वाजलेला.

त्यानं वही सिस्टरांपुढे सरकवली आणि सगळं सांगितलं. ऊन, पत्रा, चादरी, पट्टी. पट्टी का नव्हती तेही सांगितलं. सांगताना मान वर करवेना.

सिस्टरांनी चष्मा लावला. त्यांचं बोट रकान्यावरून खाली, खाली, शेवटपर्यंत गेलं.

"म्हणजे मी उठत नव्हते."

"नाही."

"एकदासुद्धा?"

"एकदासुद्धा नाही, सिस्टर."

त्या आता रडतील असं त्याला वाटलं. कसलं काय! त्यांनी चष्मा काढला आणि त्यांचा आवाज असा चढला, की एके काळी या आवाजानं अख्खा वॉर्ड सरळ होत असेल यात शंका नव्हती.

"पेशंटला ताप दुपारी चढतो असं सांगितल्यावर सकाळी थर्मामीटर लावून 'ताप नाही' म्हणणारा माणूस मी वॉर्डात एक दिवस ठेवला नसता! तीनदा आलात. तीनदा! वही तिथे फ्रिजवर होती. विचारलंत एकदा तरी?"

"नाही."

"मी तीन महिने दुपारी स्वस्थ झोपलेले नाही, एकफेरे. एकदा बँडेजनं पाय खाटेला बांधून निजले. भोंगा वाजला, बघते तर पाय बांधलेलाच. आणि मला काय वाटलं माहितीय? मीच सोडून पुन्हा बांधला असेल. अशी वेळ आणलीत तुम्ही माझ्यावर."

एकफेऱ्याला लाज वाटली, खूप वाटली, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. शेवटी त्यानं टेबलाखाली सांडलेला चहा पुसून काढला, कारण तेवढंच हातात होतं.

पाचला गाडी थांबली. मुलगा आत आला, बॅगांकडे बघितलं, भिंतीवरचा कीपॅड बघितला. "अहो, अजून काढलं नाहीत?"

"काढायचं नाहीये," एकफेरे म्हणाला. "साहेब, आई दार उघडत नव्हत्या. चूक माझी आहे."

मुलानं पिशवीतून फाइल काढली. डॉक्टरांना दाखवायला त्यानं तिन्ही कागद लावून ठेवले होते. "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच."

"तिन्ही?"

"तिन्ही."

एकफेऱ्यानं त्याला दारापाशी नेलं. कोपरा दाबला, दिवा विझला. सोडला, लागला. मुलानं स्वतः दाबून बघितलं, दोनदा. तरी त्याची शंका जाईना. "हे आजचं झालं. पण तीन महिने..."

सिस्टरांनी वही त्याच्या हातात दिली. तो उभ्यानं वाचायला लागला, सोमवार, गुरुवार, सोमवार, आणि त्या बिनपाण्याच्या गुरुवारापाशी आला. तिथे तो थबकला, आणि चादरींच्या बॅगेवरच खाली बसला.

"आई, तू सांगत होतीस."

"सांगत होते. मग सांगायचं सोडलं."

पोराचे डोळे भरले, ते त्यानं मनगटानं पुसले. मग चाचरत म्हणाला, "उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय गं..."

"रद्द करून टाक. पुढच्या आठवड्यात आपण जाऊ, बीपी दाखवून येऊ. ते मलाही दाखवायचंच होतं."

एकफेऱ्यानं ते तीन कागद मागून घेतले. टेबलावर ठेवून प्रत्येकावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'दार उघडलं गेलं नव्हतं. चुंबकाखाली पट्टी घातली नव्हती. चूक बसवणाऱ्याची.' तिन्हींवर सही केली. नाव मात्र खरं लिहिलं, कागदोपत्री असतं ते. सिस्टरांनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरले.

"वेळ?"

"काय?"

"वेळ घाला. वेळ नसलेली नोंद मी कधी धरली नाही."

त्यानं घड्याळ बघून तिन्हींवर पाच वीस घातलं. मग पिशवी खांद्याला लावली. "पट्टी गोदामात आहे. घेऊन येतो. तासाभरात परत येतो, सिस्टर."

"या. पण बसवून झाल्यावर तपासायचं उद्या दुपारी, साडेतीनला. आज संध्याकाळच्या गारव्यात 'पक्कं' म्हणून सही मागाल तर देणार नाही."

"उद्या पण येतो."

तो पायऱ्या उतरत असताना मागे सिस्टरांचा आवाज आला. त्या मुलाशी बोलत होत्या.

"ऊठ आता त्या बॅगेवरून. चादरी काढ बाहेर, सगळ्या. उद्या गुरुवार आहे. पण वाळत घालू पुढच्या बाजूला. उद्या त्या दारावर ऊन पडू दे."